भरतीची वेळ, रो-रोचे तिकीट आणि गाडीतला कुत्रा

वडोदऱ्याच्या मराठी माणसाला सौराष्ट्र कधी परके नव्हते. गायकवाडांच्या राज्याचे अमरेली आणि ओखामंडळ हे मुलूख खंबातच्या आखातापलीकडे होते. द्वारका आणि कोडीनार बडोद्याच्या अंमलाखाली होती, तिथले सुभे आणि वहिवाटदार बडोद्याहून नेमले जात. राज्य गेले, जाणे-येणे राहिले. गोत्रीसारख्या, एके काळी गाव असलेल्या आणि आता शहराचे पश्चिम उपनगर झालेल्या भागातून सुट्टी लागली की गाड्या सोमनाथ, दीव, गीर, द्वारकेच्या वाटेला लागतात. त्यातल्या काही गाड्यांच्या मागच्या सीटवर आता कुत्राही असतो. त्याला आठवडाभर शेजाऱ्यांवर सोपवून जाणे अनेकांना जमत नाही, आणि जमवावे असेही त्यांना वाटत नाही. गाडी, कुटुंब, कुत्रा आणि मध्ये समुद्र अशी ज्याची यात्रा आहे, त्या प्रवाशाचा प्रश्न इथे मांडायचा आहे. माझे म्हणणे असे, की समुद्र ओलांडण्याचे तिकीट पुढे-मागे करता येणे हा त्या सेवेचाच भाग मानला पाहिजे. ती कंपनीची मेहेरबानी समजली जाते, हे चूक आहे. आणि हा बदल ज्याला सर्वांत जास्त लागतो तो कुत्रा घेऊन गाडीने निघालेला प्रवासी असल्यामुळे, तिकिटाचे नियम चांगले की वाईट हे त्याच्यावरून तपासावे.

त्यालाच का, हे आधी पाहू. कुत्र्यासह रेल्वेने जायचे तर एसी फर्स्ट किंवा फर्स्ट क्लासचा दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण स्वतःच्या नावावर घ्यावी लागते. कूपे मिळाला की नाही, हे चार्ट लागल्यावरच कळते. सहप्रवाशांनी हरकत घेतली तर कुत्र्याची रवानगी गार्डच्या डब्यात होते. थ्री टियर, चेअर कार, सेकंड क्लास यांत त्याला मुळी प्रवेशच नाही. विमानाचे पाहिले तर अकासाने नोव्हेंबर २०२२ पासून केबिनमध्ये पिंजऱ्यासह ७ किलोपर्यंतचा प्राणी घ्यायला सुरुवात केली आणि पुढे ती मर्यादा १० किलो झाली. पण लॅब्रेडॉर २५ ते ३५ किलोंचा असतो, आपला देशी कुत्राही सहज १५-२० किलो भरतो. म्हणजे मध्यम चणीच्या कुत्र्यालासुद्धा घरच्यांबरोबर नेणारे एकच भरवशाचे वाहन उरते, ते म्हणजे स्वतःची गाडी. बोट चुकली तर इतर प्रवासी बस पकडतात, रेल्वेने जातात, हॉटेलात रात्र काढतात. कुत्रा बरोबर असलेल्याला बस बंद, रेल्वे जवळजवळ बंद आणि बहुतेक हॉटेलेही बंद. इतरांना तिकीट बदलून मिळाल्याने सोय होते, याचा तर प्रवासच त्यावर अडलेला असतो.

आता खंबातच्या आखाताकडे वळू. घोघा हे जुने बंदर. ‘लंकानी लाडी ने घोघानो वर’ ही गुजराती म्हण वडोदऱ्यातल्या मराठी घरांतही ऐकू येते. या घोघ्याला समोरच्या किनाऱ्यावरच्या दहेजशी जोडायच्या रो-रो, म्हणजे वाहने थेट जहाजावर चढवून नेणाऱ्या, सेवेची पायाभरणी जानेवारी २०१२ मध्ये झाली. २२ ऑक्टोबर २०१७ रोजी पंतप्रधानांनी प्रवासी फेरीचे उद्घाटन केले, आणि गाड्या, ट्रक घेऊन जाणारी फेरी ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झाली. रस्त्याने तीनशेहून अधिक किलोमीटर पडणारे अंतर समुद्रातून जेमतेम ३१ किलोमीटर. दहेज हे भरूचकडचे, वडोदऱ्याहून दीड-दोन तासांचे. म्हणून वडोदऱ्याला या फेरीचे अप्रूप होते. पण नर्मदेच्या मुखाशी गाळ साचत राहिला, जहाजाला लागणारी खोली दहेजच्या धक्क्याशी राहीना, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये फेरी थांबली. नंतर ती थोड्या दिवसांपुरती पुन्हा चालली, इतकेच. ८ नोव्हेंबर २०२० रोजी दहेजला जाणारे तेच जहाज, ‘व्हॉयेज सिम्फनी’, घोघा–हजीरा मार्गावर लागले. रस्त्याचे ३७० किलोमीटर समुद्रातून ९० झाले, दहा-बारा तासांचा प्रवास चार तासांवर येईल असे तेव्हा सांगितले गेले. जहाजाची क्षमता ५०० प्रवासी, १०० मोटारी आणि ३० ट्रक अशी जाहीर झाली. हा मार्ग सुरतेच्या सोयीचा आहे. गोत्रीहून भावनगरला जाणाऱ्याला वासद, तारापूर, वटामण हा साधारण दोनशे किलोमीटरचा रस्ताच बरा. हजीऱ्याचा उपयोग त्याला सुरतेहून किंवा मुंबईहून परस्पर सौराष्ट्रात जाताना, किंवा एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूने परतताना होतो. हे आधीच कबूल केलेले बरे, कारण जाहिरातीत वाचलेले नव्वद किलोमीटर प्रत्येकाच्या दारापासून मोजलेले नसतात.

या पाण्याचा स्वभाव वेगळा आहे. खंबातच्या आखाताचे तोंड रुंद आणि आतला भाग निमुळता असल्याने समुद्राकडून आत शिरणारी भरती वर वर चढत जाते. भावनगरजवळ भरती-ओहोटीतला फरक उधाणाला १० मीटरच्या वर जातो, म्हणजे तीन मजली इमारतीइतके पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. जवळच्या अलंगला जुनी जहाजे मोडायला किनाऱ्यावर चढवतात ती याच उधाणाच्या जोरावर. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी आठला असलेली भरती आठवड्याने दुपारी दोनच्या सुमाराला असते. घोघा आणि दहेजच्या धक्क्यांवर पाण्याबरोबर खाली-वर होणारे पूल बसवावे लागले ते यामुळेच. त्यात पावसाळ्यातला वारा, मे-जूनमधली वादळे आणि नदीचा गाळ. अशा ठिकाणी फेरीची वेळ बदलणे हा अपघात नाही, तो तिथला नेहमीचा क्रम आहे. मात्र त्यातला भरतीचा क्रम तरी कंपनीला महिनाभर आधी माहीत असतो. भरती-ओहोटीचे कोष्टक वर्षभराचे छापलेले असते. प्रवाशाला ते वाचता येत नाही आणि त्याने वाचावे अशी अपेक्षाही धरता येत नाही. म्हणून समुद्रामुळे वेळ बदलली तर त्याचा भार कंपनीने उचलावा. पुढच्या कोणत्याही फेरीत जागा किंवा पूर्ण पैसे परत, यांतले काय घ्यायचे ते प्रवाशाने ठरवावे. प्रवाशामुळे वेळ बदलली, म्हणजे तो वाटेत अडकला, लग्न लांबले, कुत्रा आजारी पडला, तर भार त्याने उचलावा. पण तो किती, हे तिकीट काढतानाच आकड्यात दिसले पाहिजे. ही वाटणी केली की निम्मे वाद संपतात.

बदलता येणारे तिकीट महाग असले तर ते घ्यावे का, याचा हिशेब सोपा आहे. भीतीने किंवा कंजुषीने तो करू नये. समजा गाडीसकट तिकीट ३,००० रुपयांचे आहे आणि तारीख बदलायची मुभा हवी तर ४५० रुपये जास्त. नुसत्या तिकिटाकडे पाहिले तर शंभरातल्या पंधरांहून अधिक वेळा बेत बदलणार असेल तरच ते पैसे वसूल होतात, आणि इतके बेत फारसे कोणाचे बदलत नाहीत. पण फेरी हुकल्यावर कुत्रावाल्याला दुसरे वाहन नाही. त्याला रस्त्यानेच ३७० किलोमीटर जावे लागेल. त्याला पंचवीसेक लिटर पेट्रोल, टोल आणि सगळा दिवस लागतो. बुडालेले तिकीट आणि हा खर्च मिळून नुकसान सहा हजारांच्या घरात जाते, आणि मग शंभरात सात-आठ वेळा बेत बदलण्याचा संभव असला तरी जास्तीचे ४५० रुपये शहाणपणाचे ठरतात. इथले आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पण पद्धत खरी आहे. माझ्या मते ही मुभा दोन्ही बाजूंनी विकत घेण्याचीही गरज नसते. जाताना निघण्याची वेळ आपल्या हातात असते. घरून दोन तास आधी निघाले की झाले. परतीचा दिवस मात्र पाहुणे, हवा, प्रकृती आणि कुत्र्याचे पोट असे सगळे मिळून ठरवतात. म्हणून मुभा परतीच्या तिकिटावर घ्यावी. आणि कंपन्यांनीही जाण्याचे एक आणि येण्याचे दुसरे, अशी वेगवेगळ्या प्रकारची तिकिटे एकत्र काढू द्यावीत.

इंग्लंड आणि फ्रान्समधल्या खाडीवर हा व्यवहार कसा चालतो ते पाहण्यासारखे आहे, कारण गाडी आणि कुत्रा घेऊन समुद्र ओलांडणाऱ्यांची जगातली एक मोठी वर्दळ तिथे आहे, आणि ब्रिटनमध्ये स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही तीत असतात. १९९४ पासून समुद्राखालच्या ५० किलोमीटरच्या बोगद्यातून गाड्या वाहणारी रेल्वे चालते. फोकस्टनहून कॅलेला पस्तीस मिनिटांत पोहोचते, माणसे आपापल्या गाडीतच बसून राहतात आणि कुत्राही त्यांच्याजवळच असतो. तिकिटांचे प्रकार उघड मांडलेले असतात: स्वस्त तिकिटाला ठरलेली वेळ, महाग तिकिटावर त्या दिवशी येईल त्या गाडीत चढण्याची सोय. तिथे ही मुभा चैनीची नाही, याचे कारण कागदपत्रांत आहे. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनमध्ये दिलेला प्राण्याचा पासपोर्ट युरोपीय संघात चालेनासा झाला; जाताना पशुवैद्याचा दाखला नवा लागतो आणि तो मिळाल्यापासून दहा दिवसांत संघाच्या हद्दीत शिरावे लागते. परतताना कुत्र्याला पट्टकृमीचे औषध ब्रिटनमध्ये पोहोचण्याच्या २४ ते १२० तास आधी दिलेले असावे लागते. तारीख पाच दिवसांपलीकडे सरकली की पुन्हा पशुवैद्य, पुन्हा औषध, पुन्हा खर्च. म्हणजे तिथे तिकिटाची तारीख आणि कुत्र्याचे औषध एकमेकांना बांधलेले आहेत. आपल्याकडे देशांतर्गत प्रवासाला इतका काटेकोर कालावधी नाही. पण प्राण्यांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियम रेल्वे, रस्ता आणि विमानाइतकेच समुद्रालाही लागू आहेत आणि कुत्रा प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्याचा दाखला त्यांनीही मागितला आहे. शिवाय प्रवासाआधी कुत्र्याला भरपेट खाऊ घालत नाहीत. सकाळच्या फेरीसाठी उपाशी ठेवलेला प्राणी फेरी संध्याकाळवर गेली की धक्क्यावर दिवसभर तसाच राहतो.

नक्कल मात्र सरसकट करता येणार नाही. डोव्हर–कॅले या दीड तासाच्या बोटीवर कुत्र्याला गाडीत ठेवून माणसांनी वर जाण्याची जुनी रीत आहे. तिथल्या हवेत ती बऱ्याचदा निभते. आपल्याकडे ती घातक आहे. बाहेर ३५ अंश असताना उन्हात उभ्या बंद गाडीतले तापमान अर्ध्या तासात ५० अंशांच्या वर जाते. जहाजाच्या पोटात ऊन नसले तरी हवा कोंदट असते, इंजिनांची धग असते, आणि कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो, आणि दमट हवेत तेही नीट होत नाही. मोठ्या जहाजावर प्रवासात वाहनांच्या मजल्यावर माणसांना थांबू देत नाहीत. तो सुरक्षेचा नियम आहे आणि योग्यच आहे. मग तीन-चार तासांच्या प्रवासात कुत्रा एकटा खाली कसा ठेवायचा? याचे उत्तर वरच्या मजल्यावर, उघड्या हवेत, सावलीत एक कठडा घातलेली जागा हेच आहे. तिला फार पैसा लागत नाही. मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या, १५ मार्च २०२० रोजी सुरू झालेल्या रो-रोवर पाळीव प्राण्याचे स्वतंत्र तिकीट काढता येते. ही चांगली सुरुवात आहे, कारण तिकीट काढले की प्राणी प्रवासी ठरतो आणि त्याच्या जागेची जबाबदारी कोणाची, हे ठरते.

कोकणातल्या खाड्यांवर पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. दाभोळ–धोपावे ही फेरीबोट २००३ साली सुरू झाली. पुढे वेसवी–बागमांडला, जयगड–तवसाळ, आगरदांडा–दिघी अशा फेऱ्या रुळल्या. तिथे जायचे, गाडी रांगेत लावायची, तिकीट घ्यायचे आणि बोट आली की चढायचे. खाडी काही मिनिटांची, गाडीच्या काचा खाली, कुत्रा खिडकीतून पाणी बघत उभा. बदलता येणाऱ्या तिकिटाचा प्रश्नच तिथे उठत नाही, कारण एक बोट गेली तर थोड्या वेळाने दुसरी येते. मांडव्याच्या बाबतीतही पनवेल–पेणचा रस्ता आहे, आणि जानेवारी २०२४ पासून अटल सेतूही आहे. फेऱ्या भरपूर असल्या किंवा रस्ता जवळ असला की मोकळीक आपोआप मिळते. फेऱ्या मोजक्या आणि वळसा मोठा असला की ती तिकिटावर लिहून द्यावी लागते. घोघा–हजीरा ही दुसऱ्या प्रकारची फेरी आहे. मुंबईहून जयगड आणि विजयदुर्गला रो-रो नेण्याची घोषणा २०२५ साली झाली, तीही याच प्रकारची. गणपतीला गाडी आणि घरच्यांसह कोकणात निघालेल्या माणसाची फेरी रद्द झाली तर त्याच्यापुढे अख्खा मुंबई–गोवा महामार्ग असेल. असल्या लांबच्या फेऱ्यांना कोकणातल्या खाडीचे मोकळे वळण पुरणार नाही.

या मागणीवर हरकती आहेत, आणि त्या उडवून लावण्यासारख्या नाहीत. सर्वांत वजनदार हरकत इतर प्रवाशांची: आम्हाला कुत्र्याची भीती वाटते, लहान मुले बरोबर आहेत, कोणाला केसांची ॲलर्जी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगातल्या रेबीजने होणाऱ्या मृत्यूंपैकी ३६ टक्के भारतात होतात. अशा देशात कुत्र्याला घाबरणाऱ्या माणसाला कोणी हसू नये. म्हणूनच रेबीजच्या लसीचा चालू दाखला तिकीट काढतानाच घ्यावा, धक्क्यावर तो पुन्हा तपासावा, आखूड पट्टा सक्तीचा असावा, मुसके जवळ असावे, आणि ठरवलेल्या जागेबाहेर कुत्रा नेणाऱ्याला दंड व्हावा. स्वच्छतेचा खर्च कुत्र्याच्या तिकिटातून निघावा. माणसांच्या आणि कुत्र्यांच्या जागा वेगळ्या झाल्या तर ॲलर्जीचा प्रश्नही बराचसा सुटतो. स्पष्ट नियमांचा सर्वांत मोठा फायदा कुत्रा न पाळणाऱ्यालाच होतो. आज तो कोणत्या बाकावर बसला तर शेजारी कुत्रा येणार नाही, हे त्याला कोणी सांगू शकत नाही.

दुसरी हरकत कंपन्यांची: तिकिटे शेवटच्या घटकेला पुढे ढकलली गेली तर गाडीची जागा रिकामी जाते, आणि जहाजाचे इंधन तेवढेच जळते. हे खरे आहे. पण रिकाम्या जागेचा धोका ठरावीक तासांची मर्यादा घालून कमी करता येतो. सुटण्याआधी इतक्या तासांपर्यंत बदल फुकट, त्यानंतर इतके पैसे, आणि जहाज सुटल्यावर काहीच नाही. मोकळी झालेली जागा धक्क्यावर थांबलेल्या ट्रकला किंवा मोटारीला देता येते. मुभेचे वेगळे पैसे घ्यावेत. फुकट कोणी मागत नाही. तिसरी हरकत अशी, की कुत्रा घेऊन फिरणे ही मोजक्या सुखवस्तू लोकांची हौस आहे, त्यांच्यासाठी नियम कशाला. पण गर्भवती बाई, डायलिसिसवर असलेले वडील, सहा महिन्यांचे बाळ बरोबर असलेल्या प्रवाशालाही ऐनवेळी दुसऱ्या वाहनात बसता येत नाही. भाजी घेऊन निघालेल्या टेम्पोवाल्याचेही तेच. तिकीट कुत्रावाल्यासाठी नीट झाले की या सगळ्यांसाठी नीट होते. आणि दहेजच्या प्रकल्पाचा खर्च सहाशे कोटींच्या वर सांगितला गेला होता. सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या धक्क्यावर चालणाऱ्या सेवेने आपल्या अटी उघड कराव्यात, ही मागणी कोणत्याही एका वर्गाची नाही.

कायद्याचा आधारही आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अन्याय्य करार ही कल्पना आणली. झालेल्या नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणारी किंवा एकाच पक्षाला योग्य कारणाविना करार मोडू देणारी अट त्या व्याख्येत येते. फेरी रद्द करण्याचा अधिकार कंपनीकडे आणि तिकीट बदलण्याचा अधिकार कोणाकडेच नाही, अशी अट कुठे छापलेली असेल तर ती या कसोटीवर तपासून घ्यावी. पण सुट्टीला निघालेल्या माणसाने राज्य ग्राहक आयोगाकडे धाव घ्यावी, ही अपेक्षा बरोबर नाही. हे काम परवाना देणाऱ्यांचे आहे. गुजरात मेरीटाइम बोर्ड १९८२ पासून आणि महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड १९९६ पासून आपापल्या किनाऱ्याचा कारभार पाहत आहेत. धक्का त्यांचा, परवाना त्यांचा. दोन्ही मंडळांनी रो-रोच्या पुढच्या प्रत्येक करारात दोन कलमे घालावीत. पहिले, हवा किंवा भरतीमुळे फेरी बदलली तर पुढची जागा किंवा पूर्ण परतावा, प्रवासी म्हणेल ते. आणि प्रवाशाला स्वतःला बदल हवा असेल तर त्याचा आकार तिकिटावर मराठी आणि गुजरातीत छापलेला. दुसरे, दोन तासांहून लांब प्रत्येक फेरीवर पाळीव प्राण्यासाठी सावलीची, हवेशीर, पाणी असलेली जागा आणि तिचे वेगळे तिकीट. मुंबई–जयगडसारख्या नव्या मार्गांवर ही कलमे गणपतीची गर्दी सुरू होण्याआधी लागू व्हावीत, अशी दोन्ही मंडळांना विनंती आहे.